पोर्तुगीज नावांचे चमचे

ग्लेनचा फोन आला तेव्हा देवयानी ठोसर ऑफिसात एकटीच होती.

"मिस्टर चोबल म्हणून एक वृद्ध गृहस्थ आहेत कॉव्हेंट्रीला. मी त्यांची देखभाल करतो," तो इंग्रजीत म्हणाला. आवाज गोड होता. "त्यांच्याकडे अमेरिकन चांदी आहे, बरीच. विकायचीय. तुम्ही घरी येऊन बघाल का? जरा लवकर जमलं तर बरं."

चोबल म्हणजे चौबळ असणार, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिला उगाच आनंद झाला. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका लहानशा ऑक्शन हाउसमध्ये ती व्हॅल्युअर होती, लिलावाला येणाऱ्या वस्तूंची किंमत ठरवायची. अमेरिकन चांदी तिच्याकडे आली ती बाकी कोणाला नको होती म्हणून. ब्रिटिश चांदी वाचायला सोपी. चमच्याच्या पाठीवर छोटे छोटे शिक्के असतात, त्यावरून शहर, साल, कारागीर, शुद्धता सगळं कळतं. अमेरिकन चमच्यावर बहुतेक वेळा फक्त 'स्टर्लिंग' हा शब्द आणि कारखान्याची एखादी खूण. बाकी सगळं नक्षीवरून ओळखायचं. आणि तिकडच्या प्रत्येक नक्षीला नाव असतं. फुलांची नावं, राण्यांची, फ्रेंच गावांची. लग्न ठरलं की मुलगी आपली नक्षी निवडायची आणि मग आयुष्यभर नातेवाईक तिला त्याच नक्षीचे चमचे-काटे देत राहायचे. अशी शेकडो नावं देवयानीने पाठ केली होती. ऑफिसात कुणी एखादा अनोळखी काटा आणून दिला की ती नाव सांगायची आणि लोक हसायचे.

"कोणीतरी आपला माणूस दिसतोय," दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती प्रणवला, नवऱ्याला, म्हणाली. "एकटेच असतील. थोडा चिवडा घेऊन जाते."

२००७ सालचा मार्च चालू होता. कॉव्हेंट्रीच्या अर्ल्सडन भागातली ती गल्ली अगदी नेहमीसारखी. दोन-दोन घरं एकमेकांना चिकटलेली, दारापुढे डॅफोडिल्स, कचऱ्याचे डबे फूटपाथवर काढून ठेवलेले. शेजारची बाई गाडी धूत होती. तिने देवयानीला हातानेच हॅलो केलं.

दार ग्लेनने उघडलं. पंचेचाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, निळा स्वेटर. देवयानी आत आल्यावर त्याने दार लावलं, आतून कुलूप फिरवलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली.

"मिस्टर पी कधी कधी बाहेर निघून जातात," तो हसून म्हणाला. "वय झालं. तुमचा कोट द्या. बॅगही इथेच असू दे, आत जागा नाही."

तिने डिक्टाफोन आणि भिंग काढून घेतलं. बॅग त्याने कोटाखाली खुंटीला अडकवली. फोन बॅगेतच राहिला. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात ब्लीचचा वास येत होता, इतका की डोळे चुरचुरले.

डायनिंग टेबलावर पांढरी चादर अंथरून चांदी मांडली होती. टेबलाच्या टोकाला पुरुषोत्तम चौबळ बसले होते. ऐंशीच्या घरातले, टाय बांधलेला, पण शर्टाची कॉलर मानेभोवती इतकी सैल की आत दुसरी मान मावली असती. दाढी एकाच बाजूची झाली होती. नखं वाढली होती.

"नमस्कार काका," ती मराठीत म्हणाली. "मी देवयानी ठोसर. मूळची पुण्याची."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ग्लेनचा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

"फक्त इंग्लिश, प्लीज," ग्लेन म्हणाला. "जुनी भाषा कानावर पडली की ते गोंधळतात. मग रात्रभर झोपत नाहीत. हो ना, मिस्टर पी?"

"येस," काका म्हणाले आणि खाली चादरीकडे बघू लागले.

देवयानीला राग आला, पण देखभाल करणाऱ्यांचे काही नियम असतील म्हणून तिने तो गिळला. चिवड्याची पिशवी तिने टेबलावर ठेवली. ग्लेनने ती आपल्याकडे ओढली, उघडली आणि मूठभर तोंडात टाकला. काकांची नजर त्या मुठीबरोबर वर गेली आणि खाली आली. भुकेल्या माणसाची नजर ती.

चांदी मात्र फार सुंदर होती. चहाचा संच, पाण्याची सुरई, मेणबत्त्यांचे चार उंच स्टँड, आणि चमचे-काटे तर किती! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पैसा आला, नेव्हाडाच्या खाणींतून चांदी आली, आणि तिथल्या कारखान्यांनी प्रत्येक पदार्थाला वेगळं हत्यार बनवून विकलं. आइस्क्रीमचा काटा वेगळा, सार्डिन मासे उचलायचा वेगळा, अ‍ॅस्परॅगस वाढायचा चिमटा, बेरी वाढायचा मोठा चमचा, आणि त्या चमच्याच्या पसरट वाटीत द्राक्षांचे घोस उठवलेले. ती सगळी इथे एकाच टेबलावर होती.

"तुम्ही जमवलंत हे सगळं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मी कनेटिकटला एका चांदीच्या कारखान्यात होतो. ठसे बनवायच्या खात्यात," काका म्हणाले. "नंतर इथे मोटारींच्या कामाला आलो. ऐंशी साली चांदीचा भाव गगनाला भिडला, तेव्हा अमेरिकेत लोक आजीचे चमचे वितळवायला रांगा लावून उभे होते. माझ्या जुन्या सोबत्यांनी त्यातले जमतील तेवढे वाचवले. काही मला पाठवले."

"गोष्टी नंतर," ग्लेन म्हणाला. तो दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसला. "आधी काम."

देवयानीने डिक्टाफोन चालू केला. ती एकेक वस्तू उचलायची, उलटी करून खूण बघायची, आणि नक्षीचं नाव काकांना विचारायची. नावं तिला येत होती, पण त्यांना बोलतं ठेवावं असं तिला वाटलं. पहिली पाच-सहा नावं त्यांनी बिनचूक सांगितली. मग तिने बेरीचा चमचा उचलला.

काकांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"ही दुर्मिळ नक्षी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "हिचं नाव, 'मला सोडव'."

देवयानीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हे कसलं नाव?" ग्लेनने विचारलं.

"पोर्तुगीज," काका शांतपणे म्हणाले. "त्या कारखान्यांत पोर्तुगीज कारागीर होते."

ग्लेन देवयानीकडे बघत होता. ती काय करते ते बघत होता. तिने डिक्टाफोन तोंडाजवळ नेला. "बेरी स्पून," ती म्हणाली. "पॅटर्न, मला सोडव." स्वतःचाच आवाज तिला कुणा दुसऱ्याचा वाटला. तिने चमचा अगदी हळू, आवाज न करता, चादरीवर ठेवला, कारण तो थरथरायला लागला असता तर ग्लेनला दिसलं असतं.

तिने सार्डिनचा काटा उचलला.

"'कोंडून ठेवलंय'," काका म्हणाले. "तोच कारखाना."

सरबत ढवळायचा लांब दांड्याचा चमचा.

"'मारतो'."

हे म्हणताना त्यांनी उजवा हात किंचित पुढे केला. बाही वर सरकली. मनगटाभोवती जुन्या पिवळ्या डागांवर नवे जांभळे डाग होते, बोटांच्या आकाराचे.

अ‍ॅस्परॅगसचा चिमटा.

"'आज घेऊन जाणार'."

"मोठं नाव आहे," ग्लेन म्हणाला.

"मोठी माणसं मोठी नावं ठेवतात," काका म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले.

देवयानीने पुढचा काटा हातात घेतला. आता तिला काहीतरी सांगायला हवं होतं. मी पोलिसांना फोन करते, एवढं साधं वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. पोलीस. फोन. दोन्ही शब्द ग्लेनला कळणारे. तिने दुसरं वाक्य जुळवायला घेतलं. त्यात हेल्प आलं. तिसऱ्यात कार आली. नऊ वर्षं ती इथे राहात होती, घरी प्रणवशी रोज मराठी बोलत होती, आणि त्या मराठीतला प्रत्येक दुसरा शब्द आता तिला ग्लेनच्या हातात नेऊन देणारा होता. भीतीने डोकं असं बधिर झालं होतं की साधे, आईच्या तोंडचे शब्दही सापडेनात.

"हा मी पाहिलाय," ती शेवटी इंग्रजीत म्हणाली. "'धीर धरा'. बरोबर ना? ह्याच्या जोडीचा चमचा म्हणजे 'माणसं आणते'."

काकांचे डोळे भरून आले. ते त्यांनी मिटून घेतले. "बरोबर," ते म्हणाले. "फार कमी लोकांना ठाऊक आहे."

ग्लेनने चिवडा चावायचं थांबवलं. "तुम्हालाही पोर्तुगीज येतं वाटतं."

"कामापुरतं."

"परत म्हणा ना. छान वाटतं ऐकायला."

"धीर धरा," देवयानी म्हणाली.

"डीअ डरा," ग्लेन म्हणाला आणि हसला. हसताना तो तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हता. बाहेर शेजारणीच्या गाडीवर पाण्याचा फवारा पडत होता, त्याचा आवाज येत होता. एवढ्या जवळ. ओरडलं तर ऐकू जाईल का? आणि त्या बाईने दाराशी येऊन विचारलंच, तर ग्लेन तिला हसून काय सांगेल?

देवयानीने बाथरूम विचारलं. "वर, डावीकडे," ग्लेन म्हणाला आणि स्वतः जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

वर उजवीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराला बाहेरून कडी होती. नवी कोरी, स्क्रू अजून चकाकणारे. आत खाली गादी, एक बादली, आणि खिडकीवर ठोकलेली प्लायवूडची फळी. बाजूच्या मोठ्या बेडरूममध्ये पलंगावर ग्लेनचे कपडे पडले होते आणि भिंतीशी एक भरलेली सूटकेस उभी होती. देवयानीने बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि बेसिन धरून उभी राहिली. आरशात बघायचं तिने टाळलं.

"सगळं ठीक ना?" खालून आवाज आला.

"येस, येतेय."

खाली आल्यावर तिने धंद्याचा सूर लावला. माल चांगला आहे, ऑफिसात नेऊन नीट तपासावा लागेल, उद्या साहेबांना घेऊन येते, असं सगळं सांगितलं.

"उद्या नाही जमणार," ग्लेन म्हणाला. "आम्ही आज संध्याकाळी सुट्टीवर निघतोय. मिस्टर पी आणि मी. त्यांना समुद्र बघायचाय." त्याने काकांच्या मानेवरून हात फिरवला. "आज काय देता ते बोला."

काकांनी मान हलवली नाही. पण टेबलाच्या कडेवरची त्यांची बोटं पांढरी झाली.

"मग आजच बघू," देवयानी म्हणाली. तिच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती, दार उघडलं पाहिजे. "पण वजन केल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. वजनकाटा गाडीत आहे. आणावा लागेल."

ग्लेनने काकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्याने खिशातून किल्ली काढली. दुसऱ्या हाताने काकांना दंडाला धरून उठवलं. "चला मिस्टर पी, जरा हवा खाऊ," म्हणाला. दाराच्या उंबऱ्यात तो काकांना पुढ्यात धरून उभा राहिला, शेजारणीला दिसेल असा, हसरा.

गाडी फाटकाबाहेर होती. देवयानी चालत गेली. धावू नको, ती स्वतःला सांगत होती, धावू नको. गाडीत बसून निघून जाता आलं असतं. खिशातच राहिलेली गाडीची किल्ली आता हातात होती. त्या क्षणी तिला दुसरं काहीही नको होतं, हे तिने नंतर प्रणवला रडत रडत सांगितलं. पण ती निघून गेली असती तर ग्लेनला सगळं समजलं असतं, आणि दार पुन्हा बंद झालं असतं.

तिने डिकी उघडली. फोटो काढायच्या सामानात ऑफिसचा जुना नोकिया असायचा. डिकीत डोकं घालून, सामान उपसल्यासारखं करत, तिने पोलिसांना फोन लावला, तीन वेळा नऊ दाबलं. पलीकडच्या बाईला रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर सांगितला. "एका म्हाताऱ्या माणसाला इथे कोंडून ठेवलंय. मारहाण केलीय. तो माणूस आज त्यांना घेऊन जातोय. मी आत जातेय."

"आत जाऊ नका, मॅडम," ती बाई म्हणाली. "तुम्ही गाडीतच..."

देवयानीने फोन टॉवेलमध्ये गुंडाळला, वजनकाटा उचलला आणि डिकी लावली.

"बराच वेळ लागला," ग्लेन म्हणाला.

"खालच्या खोक्यात होता."

दार लागलं. कुलूप फिरलं. किल्ली खिशात गेली. ह्यावेळी ती प्रत्येक आवाज ऐकत होती.

आता वेळ काढायचा होता. तिने चमच्यांचं वजन केलं, एकेक करून, मुद्दाम सावकाश. ग्लेनचा पाय टेबलाखाली हलायला लागला. "हे सगळं एकदम ठेवा ना त्यावर," तो म्हणाला. तिने मेणबत्तीचा एक स्टँड उचलला. तिला पाहताक्षणी माहीत होतं तो कसला आहे. पण ती म्हणाली, "हे भरीव असतील तर प्रश्नच नाही. सगळ्यात जास्त पैसे ह्यांचेच. पण आधी बूड उघडून बघावं लागेल."

ग्लेनच्या डोळ्यांत चमक आली. त्याने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला. तिच्या हातात न देता स्वतःच बुडाची पट्टी उचकटू लागला. त्याचा जोर बघून देवयानीने आपला हात टेबलावरून काढून घेतला.

"सांभाळून," काका एकदम म्हणाले. "ते सगळे तसेच बनायचे. मी सांगतो कसे."

आणि ते बोलू लागले. तिला समजलं की त्यांनाही समजलंय. ते इंग्रजीत, संथपणे, एखाद्या वर्गाला शिकवावं तसे बोलत राहिले. सुरुवातीला बॉस्टनचा एखादा सोनार नाणी वितळवून चमचे ठोकायचा. मग यंत्रं आली, वाफेची दाबयंत्रं आली. कनेटिकटमधले छोटे छोटे कारखाने एक झाले, एकेका गावात चांदीच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि अख्खं गाव डबा घेऊन कामाला निघायचं. ठसा पोलादात उलटा कोरायचा, म्हणजे चांदीत फूल सुलटं उमटतं. एका गुलाबाला महिने लागायचे. "मी पहिला गुलाब कोरला तेव्हा फोरमन म्हणाला, हा कोबी आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज मघापेक्षा भरला होता. "मग लोकांनी घरी जेवणावळी करणं सोडलं. स्टेनलेस स्टील आलं. मालकांनी पत्रा पातळ केला. अजून पातळ केला."

बूड निघालं. आत काळा, डांबरासारखा लगदा भरलेला आणि मधोमध गंजलेला लोखंडी गज.

"हे काय आहे?" ग्लेनने विचारलं.

देवयानीने वजनकाट्यावरचा चमचा उचलून बाजूला ठेवला.

"मी विचारतोय, हे काय आहे?"

"वजन यावं म्हणून भरतात," देवयानी म्हणाली. "वरचा पापुद्रा चांदीचा असतो."

"म्हणजे खोटं." तो उठला. स्टँड त्याने मानेपाशी उलटा धरला होता, जड बूड वर. आवाज मात्र अजूनही गोड होता. "मिस्टर पी. तुम्ही मला सांगितलं होतं की हे चार तर नुसतं सोनं आहेत. सांगितलं होतं ना? त्या दिवशी, वरच्या खोलीत?"

काका खुर्चीत मागे सरकले. त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

"त्यांना काही करू नका," देवयानी म्हणाली. ती कधी उठली आणि दोघांच्या मध्ये कधी येऊन उभी राहिली ते तिला समजलं नाही. ग्लेन तिच्याकडे वळला. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं आणि त्यामागे काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही.

"गाडीत काय करत होतात तुम्ही?" त्याने विचारलं.

दाराची घंटा वाजली.

तो हलला नाही. घंटा पुन्हा वाजली, मग दारावर थापा पडल्या. "पोलीस. दार उघडा."

ग्लेनने स्टँड टेबलावर ठेवला. स्वेटर खाली ओढला. चेहऱ्यावर हसू परत आणलं. ते तिच्यासमोर, जवळून, परत येताना देवयानीने पाहिलं आणि तेच तिला पुढे कितीतरी दिवस झोपेत दिसायचं.

दोघे पोलीस होते, एक वयस्कर पुरुष आणि एक तरुण मुलगी. ग्लेनने त्यांना आत घेतलं, चहा घेणार का म्हणून विचारलं. गैरसमज झालाय, मिस्टर पींना स्मृतिभ्रंश आहे, ह्या बाई आजच आल्यात, त्यांना काय माहीत. तो इतका सहज बोलत होता की देवयानीला स्वतःचीच शंका आली.

वयस्कर पोलीस काकांपुढे वाकला. "सर, तुम्ही ठीक आहात ना?"

काकांनी ग्लेनकडे पाहिलं.

"येस," ते म्हणाले. "फाइन. थँक यू."

देवयानीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. पोलिसाने सरळ होऊन आपल्या सोबतीणीकडे बघितलं. ते निघायच्या बेतात होते. देवयानी घाईने काकांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, ग्लेन दिसणार नाही अशी, आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, माझ्याकडे बघा," ती मराठीत म्हणाली. "तो आता काही करू शकत नाही. तुम्ही मला सांगा. त्यांना नका सांगू, मला सांगा. मी त्यांना सांगते."

"इंग्लिश!" ग्लेन ओरडला. "त्यांना त्रास होतो त्याने!"

त्या ओरडण्याने तरुण पोलिसाची मान वळली.

"बोला काका."

"जेवायला देत नाही गं," काका म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवेना. "गळणारं छप्पर नीट करायला आला होता. बायको गेली, अरुणा, मी एकटा. चहा प्यायला बसायचा. मग म्हणाला इथेच राहतो. माझी पेन्शन घेतो. रात्री बाहेरून कडी घालतो. घराच्या कागदांवर सही करून घेतली, तेव्हा मी नाही म्हणालो तर जिन्यावरून..." त्यांना हुंदका आला. "आज समुद्रावर नेणार म्हणाला. मला समुद्र नको. मला कुठेच नको."

देवयानी वाक्यागणिक इंग्रजीत सांगत गेली. तिचाही आवाज फुटत होता. तरुण पोलीस जिना चढून वर गेली आणि वरून तिने नुसती आपल्या सहकाऱ्याला हाक मारली. त्या हाकेच्या सुरावरून ग्लेनला समजलं. त्याने खिशातली किल्ली काढून शांतपणे टेबलावर, चमच्यांमध्ये ठेवली.

त्याला शिक्षा झाली, पण ती पुढच्या वर्षी. मधल्या काळात तो जामिनावर होता, आणि देवयानीचं कार्ड त्याच्याकडे होतं. ती गाडीत बसण्याआधी मागची सीट बघायची. ऑफिसात गोड आवाजाचा फोन आला की रिसिव्हर प्रणवच्या हातात द्यावा असं वाटायचं, पण प्रणव तिथे नसायचा. एकटीने लोकांच्या घरी जाणं तिने बंद केलं, ते अजून बंदच आहे.

काकांच्या मुलीचं नाव पूर्वी, ती व्हँकुव्हरला असायची. बातमी कळल्यावर मिळेल त्या विमानाने ती आली आणि तडक हॉस्पिटलात पोचली. देवयानी तेव्हा तिथेच होती, काकांना मऊ भात भरवत होती. ही मुलगी कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, वाढलेली. ती खाटेच्या कडेला बसली आणि कितीतरी वेळ तिला नुसतं रडूच येत राहिलं.

"बाबा, मी दर रविवारी फोन करत होते," ती इंग्रजीत म्हणाली. "प्रत्येक रविवारी. तुम्ही म्हणायचात, सगळं छान आहे, ग्लेन काळजी घेतो."

"तो शेजारी बसायचा," काका म्हणाले. "स्पीकर लावून."

"पण मग मराठीत सांगायचं ना!" तिने डोळे पुसले आणि हट्टाने मराठीत म्हणाली, "मला थोडी मराठी येतो, बाबा. तुम्ही मराठीत का नाही बोललास?"

देवयानीने भाताचा चमचा वाडग्यात ठेवला. काका खिडकीकडे बघत होते, आणि त्यांना सांगायचं नाही, हे तिला दिसत होतं.

"बाबा?"

"बोललो होतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोनदा. दिवाळीच्या सुमाराला एकदा, आणि मग जानेवारीत. तू म्हणालीस, सॉरी बाबा, लाइन खराब आहे, परत इंग्लिशमध्ये सांगा."

पूर्वीने तोंडावर हात घेतला.

"त्यानंतर त्याने मला..." ते थांबले. "जाऊ दे. तुझा दोष नाही. आम्हीच तुला शिकवली नाही. अरुणा म्हणायची, शाळेत मागे पडेल."

देवयानी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. तिथे तिने भिंतीला पाठ टेकली. आतून पूर्वीचा आवाज येत होता. ती वडिलांना एकेक वस्तू दाखवून विचारत होती, ह्याला काय म्हणतात, ह्याला काय म्हणतात, आणि काका थकलेल्या आवाजात सांगत होते. उशी. चादर. पाणी. दार.